वळूला तेल आणखी किती पाजू?

पत्र :

नमस्कार डॉक्टर,
माझ्याकडे पाच वर्षांचा वळू आहे. वजन ५०० किलोच्या आसपास. सहा महिन्यांपूर्वी वीर्य तपासलं तेव्हा पुढे सरकणारे शुक्राणू ७० टक्के आणि सदोष १५ टक्के होते. मध्यंतरी गायी उलटायला (गाभण न राहता पुन्हा माजावर यायला) लागल्या म्हणून पुन्हा तपासलं, तर हालचाल ३५ टक्के आणि सदोष ४० टक्के. ‘सुटी डोकी’ आणि ‘मानेजवळ थेंब’ बरेच, असं अहवालात लिहिलंय. एकाने सांगितलं, ओमेगा-३ कमी पडतंय. म्हणून गेले तीन आठवडे रोज अर्धा लिटर जवसाचं तेल आंबोणात कालवून देतोय. फरक काही नाही, उलट शेण पातळ झालंय आणि वैरण अर्धी टाकून देतो. माझा एक मित्र डुकरं पाळतो. त्याने नरांना माशाचं तेल दिलं, त्याला गुण आला. मी तेल वाढवू की माशाचं सुरू करू? बाकी खुराक चांगला आहे, ताकदीसाठी सरकीही भरपूर देतो. मध्ये दोन-तीन दिवस ताप येऊन गेला, पण तो दुसऱ्या तपासणीच्या महिनाभर आधीच उतरला होता. आता तसा काही त्रास नाही.
— एक वळूपालक

उत्तर :

नमस्कार.

तेल वाढवू नका, माशाचंही सुरू करू नका. चालू आहे तेही उद्याच्या आंबोणापासून बंद करा. कारण सांगतोच, पण आधी पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे वाक्य लिहून टाकलंय त्याच्याशी थांबू. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

ताप आला आणि उतरला. जनावर दुसऱ्या दिवशी खायला लागलं की आपण ते विसरून जातो. वृषणांचा हिशेब मात्र पुढे दोन-अडीच महिने चालू असतो. वृषण पोटाबाहेर लोंबतात ते अंगापेक्षा चार-पाच अंश थंड राहावेत म्हणून. ताप चढला की तो थंडावा जातो आणि त्या दिवसांत घडत असलेले शुक्राणू अर्धवट भाजलेल्या विटांसारखे कच्चे निघतात. वळूमध्ये एक शुक्राणू घडायला साधारण ६१ दिवस लागतात. त्यानंतर आठ ते अकरा दिवस तो वृषणाला चिकटलेल्या लांबलचक नळीत, अधिवृषणात, पिकत पुढे सरकतो. त्यामुळे तापाचा फटका त्याच आठवड्यात दिसत नाही. दोनेक आठवड्यांनी दिसायला लागतो, तीन-चार आठवड्यांनी सर्वात वाईट दिसतो आणि मग हळूहळू ओसरतो.

तुमची दुसरी तपासणी नेमकी त्याच वाईट आठवड्यांत झाली. अहवालातले शब्दही तेच सांगतात. ‘सुटी डोकी’ म्हणजे मानेपाशी तुटलेले शुक्राणू. ‘मानेजवळचा थेंब’ म्हणजे घडताना उरलेला पेशीरस, जो पिकता पिकता शेपटीवरून खाली घसरून गळून पडायला हवा होता. दोन्ही गोष्टी वृषणाला उष्णतेचा त्रास झाल्यावर हमखास वाढतात. नुसती हालचाल घटली असती तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो.

आणखी एक शक्यता आहे आणि ती विचारताना मला माझीच लाज वाटते. वीर्याचा थेंब ज्यावर ठेवून पाहिला ती काचपट्टी कोमट होती का? नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका मेंढ्याला ‘कामातून गेला’ म्हणून शेरा मारला होता. पट्टी टेबलावर गारठलेली होती, एवढंच झालं होतं. तीच पट्टी ३७ अंशांवर ऊबवून तासाभरात दुसरा थेंब पाहिला, तर सूक्ष्मदर्शकाखाली लाटा उसळत होत्या. थंड काच सदोष शुक्राणू निर्माण करत नाही, हालचाल मात्र निम्मी करून दाखवते. तुमचे ३५ टक्के थोडे त्यामुळेही असू शकतील.

आता तेलाकडे येतो. तुम्हाला ज्याने सांगितलं तो अगदीच हवेत बोलला नाही. या विषयाला १०० वर्षांहून जास्त इतिहास आहे आणि त्यात एक गंमत आहे. १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना दिसलं, की शुद्ध केलेल्या ठरावीक आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्या गाभण राहतात, पण गर्भ पोटातच जिरतात. आहारात जे कमी पडत होतं ते पुढे ई जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं. त्याचं शास्त्रीय नाव टोकोफेरॉल, ग्रीकमध्ये अर्थ जवळपास ‘अपत्य देणारं’. याच एव्हान्सच्या गटाने १९३४ मध्ये दाखवलं, की अजिबात चरबी नसलेल्या आहारावर नर उंदीर वांझ होतात. म्हणजे शुक्राणूला लागणारी मेदाम्लं आणि त्यांना खवट होण्यापासून वाचवणारं जीवनसत्त्व, दोन्हींचा माग एकाच प्रयोगशाळेने काढला. आपण त्यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा तिथेच ठेवून आलो.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. संपृक्त मेदाम्लाची साखळी काठीसारखी सरळ असते. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बसते, म्हणून चरबी थंडीत थिजते. साखळीत दुहेरी बंध आला की तिथे ती वाकते. वाकड्या काठ्यांची मोळी कितीही आवळली तरी सैलच राहते, म्हणून तेल पातळ असतं. ओमेगा-३ कुटुंबातलं डीएचए घ्या : २२ कार्बन आणि त्यांत सहा दुहेरी बंध. वळू आणि मेंढा यांच्या शुक्राणूभोवतीच्या पटलात जी अतिअसंपृक्त मेदाम्लं असतात, त्यांत सर्वात भरपूर हेच. शेपटी फटकारायची तर तिच्यावरचं पटल लवचीक हवं, आणि शेवटी शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी फुटून अंड्याशी मिलन व्हायचं तर तिथलं पटलही वितळण्याजोगं हवं. डीएचए बनवायला लागणारं एन्झाइम ज्या उंदरांत मुळातच नाही, ते नर प्रजननाला निकामी ठरतात. त्यांच्या खाद्यात तयार डीएचए घातलं की शुक्राणू पुन्हा नीट बनू लागतात. तेव्हा मेदाम्लांचं महत्त्व वादातीत आहे.

पण जितके दुहेरी बंध जास्त, तितका ऑक्सिजन त्यांना लवकर धरतो. जवसाचं तेल डब्यात खवट होतं तीच क्रिया शुक्राणूच्या पटलात होते. एक साखळी बिघडली की ती शेजारणीला बिघडवते. शुक्राणूने हलकं आणि सडपातळ होण्यासाठी जवळजवळ सगळा पेशीरस टाकून दिलेला असतो, त्यामुळे दुरुस्तीचं सामान त्याच्याकडे फारसं उरत नाही. तो बराचसा विसंबतो ते भोवतीच्या वीर्यद्रवातल्या संरक्षक घटकांवर. वीर्य पातळ करून साठवताना ते संरक्षणही विरळ होतं. भर म्हणजे मेलेले शुक्राणू स्वस्थ पडून राहत नाहीत. वळूच्या वीर्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन ते शुक्राणूंना मारतं, हे तोसिक आणि वॉल्टन यांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं. ते बनवणारं एन्झाइम मुख्यतः मेलेल्या शुक्राणूंतून बाहेर पडतं. नमुन्यात मेलेले जास्त, तर जिवंतांचंही आयुष्य कमी.

पटल शाबूत आहे की नाही हे डोळ्यांनी पाहायची एक साधी चाचणी आहे. जमलं तर डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून एकदा बघाच. वीर्याचा थेंब अगदी फिकट क्षारद्रावणात, ३७ अंशांवर, अर्धा ते एक तास ठेवतात. बाहेरचं द्रावण फिकट म्हणून पाणी आत शिरायला बघतं. पटल धड असेल तर शुक्राणू फुगतो आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं, कधी पार वेटोळं होऊन वळतं. पटल फाटलेलं असेल तर पाणी आत येतं आणि निघूनही जातं, शेपटी सरळच्या सरळ राहते. नवखा माणूस पाहतो तेव्हा त्याला सरळ शेपट्यावाले निरोगी आणि वेटोळेवाले आजारी वाटतात. आहे नेमकं उलट. तुमच्या वळूच्या पुढच्या तपासणीत ही चाचणी आवर्जून करून घ्या. हालचालीच्या टक्क्यांपेक्षा मेदाम्लांच्या बाबतीत ती जास्त बोलते.

मग जवसाच्या तेलाने फरक का पडला नाही?

कारण तुम्ही तेल वळूला पाजलं असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात ते आधी त्याच्या कोठीपोटातल्या, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जंतूंनी प्यायलं. वैरण पचवणाऱ्या त्या जंतूंना असंपृक्त मेदाम्लं विषासारखी असतात. म्हणून ते दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवून त्यांना संपृक्त करून टाकतात, वाकडी काठी सरळ करतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त असलेलं जे लिनोलेनिक आम्ल, तेही ओमेगा-३ कुटुंबातलंच, त्यातलं ८५ टक्के ते जवळजवळ सगळं असं वाटेत बदलतं. हिशेब मांडून पाहा. अर्धा लिटर तेल म्हणजे वजनाने ४६५ ग्रॅमच्या आसपास. त्यात साधारण २५० ग्रॅम लिनोलेनिक. त्यातलं ९० टक्के कोठीपोटात गेलं, तर उरलं २५ ग्रॅम. आणि ते अजून डीएचए नाहीच. शरीराला त्याची साखळी लांबवून, आणखी दुहेरी बंध घालून डीएचए बनवावं लागतं, आणि हे काम कुठलंच जनावर सढळ हाताने करत नाही. वृषणापर्यंत जे पोचलं असेल ते चिमूटभर.

दुसरीकडे जंतूंना मात्र तुम्ही चांगलाच त्रास दिलात. ५०० किलोचा वळू दिवसाला दहा किलोच्या आसपास कोरडा आहार खातो. नेहमीच्या चाऱ्या-आंबोणातून त्याच्या पोटात ३०० ग्रॅमभर मेद तसाही जातो. तुमचे ४६५ ग्रॅम धरले की एकूण साडेसात टक्क्यांच्या वर. रवंथ करणाऱ्या जनावराच्या आहारात मेद सहा-सात टक्क्यांपुढे गेला की तंतू पचवणारे जंतू मान टाकतात. वैरण पोटात तशीच राहते, भूक मंदावते, शेण पातळ होतं. तुम्ही लिहिलेली लक्षणं ती हीच. तेल थांबवल्यावर भूक आणि शेण बहुधा आठवड्याभरात ताळ्यावर येईल. नाही आलं तर कारण वेगळं आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि तेल अगदी थेट वृषणात पोचलं असतं, तरी तीन आठवड्यांत निकाल मागणं घाईचं होतं. आज जो शुक्राणू बाहेर येतो तो तुम्ही पहिल्या दिवशी तेल कालवलं तेव्हा जवळपास घडून झालेला होता.

तुमच्या मित्राचं वेगळं आहे. डुकराला कोठीपोट नाही. जे मेदाम्ल खाद्यात, तेच आतड्यातून रक्तात. शिवाय माशाच्या तेलात डीएचए तयारच असतं. नर डुकरांना ते दिल्यावर शुक्राणूंच्या पटलातलं डीएचए वाढतं, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. त्याने हालचाल आणि घडण सुधारते का, यावर मात्र प्रयोगांचं एकमत नाही : काहींत सुधारली, काहींत ढिम्म. डुकराच्या शुक्राणूची चरबीही वेगळ्या धाटणीची. त्यात कोलेस्टेरॉल कमी, असंपृक्त मेदाम्लं जास्त, म्हणून तो गारठ्याला भयंकर घाबरतो. त्याचं पातळ केलेलं वीर्य १७ अंशांच्या आसपास ठेवतात, फ्रिजमध्ये ठेवलं तर वाट लागते. ससा त्याच्या अगदी उलट टोकाला : पटलात कोलेस्टेरॉल भरपूर आणि थंडीची फारशी पर्वा नाही. कोंबड्याचं तिसरंच. त्याच्या शुक्राणूत ओमेगा-६ कुटुंबाचं राज्य, डीएचए फारच थोडं. तेव्हा एका जनावराचा गुण दुसऱ्याच्या गव्हाणीत ओतता येत नाही. मित्राला तेल देऊन गुण आला असेल तर आनंद आहे. त्याने सोबत ई जीवनसत्त्व दिलं होतं का, एवढं विचारून घ्या. नसेल तर त्यालाही हे पत्र वाचायला द्या.

तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय : मग बायपास फॅट देऊ का? पिशवीवर काय लिहिलंय ते वाचून ठरवा. कोठीपोटातून न बदलता पुढे जाणारा मेद, एवढाच त्या नावाचा अर्थ. कॅल्शियमशी बांधलेला जो मेद सर्रास मिळतो तो बहुतेक पाम तेलाचा, म्हणजे त्यात मुख्यतः पामिटिक आणि ओलेइक. उष्मांक मिळतील, ओमेगा-३ नाही. माशाच्या किंवा शैवालाच्या तेलापासून बनवलेला संरक्षित मेद ही वेगळी वस्तू आहे. मेंढ्यांमध्ये माशाच्या तेलाने शुक्राणूंचं डीएचए वाढल्याचं आणि काही प्रयोगांत हालचाल सुधारल्याचंही दिसलंय. वळू पूर्ण बरा आहे, आहार चोख आहे आणि तरी वीर्य गोठवल्यानंतर टिकत नाही, अशा वेळी मी त्याचा विचार करेन. तापातून उठलेल्या वळूला नाही.

त्याऐवजी ताजा हिरवा चारा द्या. हिरव्या पानातल्या थोड्याशा मेदात निम्म्याहून जास्त वाटा लिनोलेनिकचाच असतो आणि ई जीवनसत्त्वही त्याच पानात. रक्षक सोबत घेऊनच ते येतं. चारा उन्हात वाळला, महिनोन्‌महिने पडून राहिला की दोन्ही घटत जातात. वळू मुख्यतः सुक्या वैरणीवर असेल तर ई जीवनसत्त्वाचा पुरवठा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सेलेनियम मात्र स्वतःच्या मनाने एक ग्रॅमही घालू नका. शुक्राणूच्या मधल्या भागाची बांधणी सेलेनियमयुक्त प्रथिनावर उभी असते हे खरं, पण गरज किलोभर कोरड्या आहारामागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, आणि गरजेच्या जेमतेम काही पटींवर विषबाधा. चांगल्या खनिज मिश्रणात ते असतंच.

आता सरकी. ‘ताकदीसाठी भरपूर’ हे शब्द वाचून मी थबकलो. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मोठ्या रवंथी जनावराच्या कोठीपोटात त्यातलं बरंचसं प्रथिनांना बांधलं जातं, त्यामुळे दुभत्या गाईला प्रमाणातली सरकी चालून जाते. वळूचं तसं नाही. जास्त गॉसिपॉलने शुक्राणूच्या मधल्या भागाची, जिथून शेपटीला ऊर्जा मिळते त्याच जागेची, नासधूस होते हे वळूंमध्ये नीट दाखवलेलं आहे. ई जीवनसत्त्वाने तो त्रास कमी होतो. पण त्रास द्यायचा आणि मग औषध द्यायचं, हा उद्योग कशाला? पैदाशीच्या वळूच्या आंबोणातून सरकी काढा, प्रथिनांसाठी दुसरी पेंड वापरा.

खुराक चांगला आहे म्हणता, तर एक गोष्ट हातमोजा घालून तपासा. वृषणपिशवीच्या वरच्या बाजूला, मानेपाशी, मऊ गादीसारखं काही लागतं का? लागलं तर ती चरबी आहे. पोसून पोसून लठ्ठ केलेल्या वळूत ती साठते आणि वृषण गरम ठेवते. कायमचा मंद तापच म्हणा. छातीवरच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या हलक्या दाबाने हाताला लागायला हव्यात. लागत नसतील तर खुराक कमी करा आणि त्याला रोज चालवा.

ताप कशाचा होता, हे तुम्ही लिहिलं नाही. बहुधा कुणी शोधलंही नसेल. वृषणं सारखी आहेत का, एखादं सुजलेलं, दुखरं किंवा कडक लागतं का, हे डॉक्टरांकडून चाचपून घ्या आणि रक्ताची ब्रुसेलोसिसची (गायी गाभडवणाऱ्या आणि वृषणं सुजवणाऱ्या जंतुरोगाची) तपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा त्या वृषणांना आणि गाभडलेल्या गाईच्या जारेला उघड्या हातांनी शिवू नका. गायी उलटतात त्याला वळूकडून गायींना लागणारे संसर्गही कारण असू शकतात. त्यासाठी शिश्नावरचं आवरण आतून धुऊन ते पाणी तपासतात. निकाल येईपर्यंत वळू गायींवर सोडू नका. माजावर येणाऱ्या गायींचं तोवर कृत्रिम रेतन करून घ्या.

पुढची वीर्यतपासणी ताप उतरल्यापासून अडीच महिन्यांनी करा, म्हणजे तुमच्या हिशेबाने आजपासून चारेक आठवड्यांनी. इतके दिवस वळू मोकळा बसलेला असेल, तर साठून जुने झालेले शुक्राणू आधी बाहेर यायला हवेत. दोन-तीन दिवसांच्या अंतराने एक-दोनदा वीर्य काढून टाका आणि मग नमुना घ्या. वळू पास होण्याचा नेहमीचा किमान निकष म्हणजे पुढे सरकणारे ३० टक्के आणि धडधाकट घडणीचे ७० टक्के. मागच्या वेळी तुमचा वळू पहिल्यात कसाबसा पास आणि दुसऱ्यात नापास होता. या वेळी सदोष २० टक्क्यांच्या आत आले, तर समजा सगळा खेळ तापाचा होता. तिथेच अडकले असतील, तर दोन्ही अहवाल आणि वृषणपिशवीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून मला पाठवा.

उरलेलं जवसाचं तेल उघडून वास घ्या. तेलरंगासारखा (ऑइल पेंटसारखा) उग्र, घशाला खवखवणारा वास आला तर ते कुठल्याच जनावराला घालू नका. खवट तेल पोटात गेल्यावर आहारातलं ई जीवनसत्त्वच खाऊन टाकतं. वास ठीक असला, तर गोठ्याच्या लाकडी दांड्यांना आणि फावड्या-कुदळींच्या दांड्यांना दोन हात द्या. त्या कामाला जवसाच्या तेलासारखं दुसरं नाही. फक्त पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उन्हात पसरून वाळवा. ते बोळे आपोआप पेटू शकतात.